कल एकवीस

यमुना डोईफोडे यांचा मराठीचा शेवटचा तास जून २०४१च्या दुसऱ्या सोमवारी झाला. तो शेवटचा होता हे त्यांना तास संपल्यावर कळलं.

मेहकरच्या बाहेर माळावर असलेल्या त्या निवासी विज्ञानशाळेत त्या एकोणीस वर्षं शिकवत होत्या. मुख्याध्यापक रत्नपारखी सरांनी त्यांना कचेरीत बोलावलं आणि एक परिपत्रक पुढे सरकवलं. जिल्हा प्रज्ञा मंडळाचा शिक्का होता. ज्या विद्यार्थ्यांचा लेखनाचा कल तीसच्या खाली आहे, त्यांना चालू वर्षापासून लेखनाच्या तासांतून मुक्त करण्यात येत आहे. शाळेत बेचाळीस मुलं होती. त्यांतली एकेचाळीस तीसच्या खाली होती.

"मुक्त," बाई म्हणाल्या. "शब्द चांगला शोधलाय."

"बाई, माझ्या हातात काही नाही. प्रयोगाचे अहवाल आता 'लेखनिक' हा संगणकातला प्रोग्राम लिहितो. मुलांनी आकडे भरायचे, तो वाक्यं करतो. तुमची नोकरी शाबूत आहे. वसतिगृहाचं काम बघा."

"संध्याकाळी पाच ते सहा मुलं माझ्या ताब्यात असतात ना?"

"असतात. मोकळा वेळ असतो तो."

"बरं," बाई म्हणाल्या आणि उठल्या. त्याच दिवशी त्यांनी बाजारातून बेचाळीस दोनशेपानी वह्या आणल्या.

*

कलपट्टी म्हणजे कपाळावर बांधायची दोन बोटं रुंदीची मऊ पट्टी. शाळेत येताना मुलं ती बांधत, झोपताना काढत. ती कशी चालते हे बाईंना पहिल्यांदा नीट सांगितलं ते कृत्तिका सानपने. कृत्तिका तेरा वर्षांची, आठवीत. गणिताचा कल चौऱ्याण्णव, लेखनाचा एकवीस. आपल्या वहीवर तिने नावाच्या जागी '२१' एवढंच लिहिलं होतं.

"बाई, पट्टीतून एक प्रकाश आत जातो. आपल्याला न दिसणारा, लालच्या पलीकडचा. तो कातडीतून, हाडातून थोडा आत शिरतो आणि परत येतो. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे जास्त रक्त धावतं. ताज्या रक्तात तो प्रकाश वेगळा शोषला जातो आणि शिळ्या रक्तात वेगळा. त्यावरून पट्टीला कळतं की मेंदूला किती कष्ट पडतायत."

"आणि कल?"

"कष्ट कमी, तर कल जास्त. मी गणित करते तेव्हा पट्टी हिरवी असते. निबंध लिहायला घेतला की लाल. म्हणजे ते माझं काम नाही."

बाईंनी थोडा विचार केला. "मला या वसतिगृहाचा जिना चढताना दम लागतो. म्हणून वरच्या मजल्यावर माझं काही काम नाही, असं म्हणशील?"

कृत्तिका हसली नाही. ती प्रश्न गंभीरपणे घेणारी मुलगी होती. "दम लागणं आणि कल नसणं एकच आहे का, हे तपासायला पाहिजे," ती म्हणाली.

"तपास मग. वही तुझ्यापुढेच आहे."

पहिले पंधरा दिवस तिने काहीही लिहिलं नाही. इतर मुलं गंमत म्हणून दोन-चार ओळी खरडत. कृत्तिका हाताची घडी घालून बसे. शेवटी एकदा तिने मनातलं बोलून टाकलं. "बाई, गोष्ट म्हणजे खोटं. जे झालंच नाही ते कशाला लिहायचं?"

"तू प्रयोग करतेस तेव्हा काय करतेस?"

"एक गोष्ट बदलते. बाकी सगळं तसंच ठेवते. मग काय होतं ते बघते."

"गोष्टीतही तेच करायचं. जगातली एक गोष्ट बदल. बाकीचं जग आहे तसंच ठेव, तिथे लबाडी करायची नाही. मग काय होतं ते लिही. मी फक्त एवढंच बघणार की तू कुठे लबाडी केलीस."

हे कृत्तिकाला पटलं. त्या संध्याकाळी तिने सात ओळी लिहिल्या. पट्टी पूर्ण वेळ लाल होती आणि तिच्या कपाळावर घाम होता. वही देताना ती म्हणाली, "डोकं दुखतंय. पण उद्या पुढचं लिहीन."

*

तिची गोष्ट शाळेमागच्या बंद बोअरवर होती. चारशे साठ फूट खोल गेलेली, मोटर काढून नेलेली, लोखंडी झाकण घातलेली बोअर. कृत्तिकाचा वर्षाचा प्रकल्पही त्याच बोअरवर होता. तिने पाण्यात दाब मोजणारं एक छोटं यंत्र सोडलं होतं, ते दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी टिपून ठेवी. महिनाभराच्या नोंदींवरून लेखनिकने अहवाल तयार केला होता: पाण्याच्या पातळीत उल्लेखनीय बदल आढळला नाही. किरकोळ चढउतार हवेच्या दाबामुळे असावेत.

गोष्टीत तिने एकच गोष्ट बदलली होती. बोअर जिवंत होती. गावाने तिला मेलेली समजून झाकण घातलं, पण ती दिवसातून दोनदा श्वास घेते आणि हे फक्त एका मुलीला ठाऊक आहे. ती मुलगी लोकांना बोलावते, लोक येतात, आणि नेमकी तेव्हा बोअर श्वास घेत नाही. सगळे मुलीला हसून निघून जातात.

बाईंनी गोष्ट वाचली. "इथे लबाडी आहे," त्या म्हणाल्या. "लोक आले तेव्हा बोअरने श्वास का घेतला नाही?"

"तशी गोष्ट पुढे जाते म्हणून."

"ते तुझ्या सोयीचं झालं. बोअरच्या बाजूने सांग. काल चार वाजता श्वास घेतला, तर आज चारला का नाही घेतला?"

कृत्तिकाने वही परत घेतली. मग तिने तिच्या स्वभावाला साजेसं केलं. खऱ्या बोअरच्या खऱ्या नोंदी काढल्या. लेखनिकचा अहवाल नाही, मुळातले आकडे. ते कागदावर मांडायला तिला दोन दिवस लागले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती धापा टाकत वसतिगृहात आली.

"बाई, पाणी खरंच खालीवर होतंय. दोन-तीन सेंटिमीटर. दिवसातून दोनदा."

"अहवालात तर हवेचा दाब म्हटलंय."

"हवेचा दाब घड्याळाप्रमाणे चालतो. रोज साधारण त्याच वेळी वाढतो, त्याच वेळी उतरतो. हे तसं नाही. सोमवारी पाणी चार वाजून दहा मिनिटांनी सगळ्यात खाली होतं. मंगळवारी पाचला. बुधवारी पाच पन्नासला. रोज पन्नास मिनिटं उशीर." ती थांबली. "रोज पन्नास मिनिटं उशिरा कोण येतं, सांगा."

बाईंनी आकड्यांचा कागद हातात घेतला.

"चंद्र," कृत्तिका म्हणाली.

संध्याकाळी तिने समजावून सांगितलं. आता सगळी मुलं भोवती जमली होती. चंद्र समुद्राला ओढतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो जमिनीलाही ओढतो. चंद्र माथ्यावर आला की खालचा खडक किंचित ताणला जातो, चंद्र पृथ्वीच्या बरोबर पलीकडे गेला तरी ताणला जातो. खडकातल्या भेगा केसाहून कितीतरी कमी उघडतात, तेवढ्यात पाणी उतरतं. चंद्र सरकला की भेगा मिटतात आणि पाणी वर येतं. समुद्रापासून इतक्या दूर, बुलढाण्याच्या माळावर, एका बंद बोअरीत भरती-ओहोटी चालू होती.

"मी महिनाभर आकडे भरत होते," ती म्हणाली. "बघितलंच नव्हतं. बोअरला श्वास कधी घ्यायचा हे ठरवायला लागलं तेव्हा बघितलं."

त्या रात्रीपासून मुलांनी वह्या मागून घ्यायला सुरुवात केली, बाईंना सांगावं लागलं नाही.

*

दिवाळीनंतर कृत्तिकाचे वडील शाळेत आले. दत्ता सानप बोअर मारण्याच्या गाडीवर काम करत, अठरा वर्षं. पट्टीची माहिती दर महिन्याला पालकांच्या फोनवर जाई. त्यात लिहिलं होतं: अनुचित कार्यामुळे मेंदूवर ताण. विज्ञान संस्थेसाठीच्या शिफारशीवर परिणाम होऊ शकतो.

"बाई, तुमचा राग नाही," ते वसतिगृहाच्या ओट्यावर बसून म्हणाले. "पण पोरगी आमच्या खानदानात पहिली. दहावीनंतर तिले संस्थेत घेतलं तर तिचं नशीब फिरून जाईन. आन तुम्ही तिले गोष्टी लिहाले लावता. काहून?"

बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. बोअरचं, चंद्राचं. शिफारस जाऊ शकते हेही सांगितलं, लपवलं नाही.

"म्हणजे धोका आहे."

"आहे."

"मंग थांबवा. हात जोडतो."

बाईंनी त्याच दिवशी कृत्तिकाला बोलावलं आणि वडील काय म्हणाले ते सांगितलं. "मी तुला लिही म्हणणार नाही आणि लिहू नको असंही म्हणणार नाही. बाबांशी बोल."

कृत्तिकाने कपाळावरच्या पट्टीला हात लावला. मग म्हणाली, "बाई, एक विचारू? या पट्टीला कसं कळलं की एकवीसवाल्याला लिहिणं कधीच जमत नाही?"

"हजारो मुलांची माहिती घातलीय म्हणतात तिच्यात."

"पण एकवीस आला की मुलाचं लिहिणं बंद करतात. मग लिहीत राहिलं असतं तर त्याचं काय झालं असतं, हे पट्टीला कुठून कळणार? तशी एकही नोंद तिच्याकडे नसणार." तिचा आवाज चढला नव्हता, पण बोटांनी तिने वहीची कड घट्ट धरली होती. "हा प्रयोगच झालेला नाही, बाई. प्रयोग न करता उत्तर दिलंय त्यांनी."

ती लिहीत राहिली. वडिलांना तिने फोनवर सांगितलं. त्यांनी दोन आठवडे तिचा फोन घेतला नाही.

*

जानेवारीत मंडळाची समिती प्रकल्प पाहायला आली. तिघे जण होते. मंडळाचे सचिव, एक निवृत्त प्राचार्य आणि भूजलशास्त्रज्ञ डॉ. हेमांगी पुसदकर. पालकांनाही बोलावलं होतं. सभागृहात पडद्यावर प्रत्येक मुलाच्या पट्टीचा आलेख दिसत होता.

पद्धत साधी होती. लेखनिकचा अहवाल समितीपुढे ठेवायचा, प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि शेवटी अहवालाखाली सही करायची: वरील अहवाल माझ्या निरीक्षणांशी जुळतो.

कृत्तिकाने सही केली नाही. "तो जुळत नाही," ती म्हणाली. "मी माझा लिहिलाय. वाचू का?"

सचिवांनी रत्नपारखी सरांकडे पाहिलं. सरांनी खाली पाहिलं. तेवढ्यात तिने वही उघडून वाचायला सुरुवातही केली होती.

तिचं लिहिणं ओबडधोबड होतं. वाक्यं कुठे लांबली होती, कुठे मध्येच तुटली होती. पण त्यात बोअरचं गंजलेलं झाकण होतं, यंत्राची तार सोडताना हाताला लागलेलं ग्रीस होतं, आणि पाणी वर आलंय हे आकड्यांत दिसलं तेव्हा आपण झाकणावर पालथा हात ठेवून बसलो होतो आणि हाताला काहीच लागलं नाही, हेही होतं. पडद्यावरची रेषा पहिल्याच ओळीला लाल झाली आणि वर चढत गेली.

"थांब बेटा," सचिव म्हणाले. "ताण बघ किती आलाय."

"लाल आहे ते मला माहीत आहे, सर. अजून एक पान आहे."

तिने ते पान वाचलं. डॉ. पुसदकरांनी पेन खाली ठेवलं होतं.

"हवेच्या दाबामुळे नाही कशावरून?" त्यांनी विचारलं. कृत्तिकाने पन्नास मिनिटांचं सांगितलं. त्यांनी आणखी तीन प्रश्न विचारले. दोनांची उत्तरं आली, तिसऱ्याला ती म्हणाली, "माहीत नाही."

"हे भूजलशास्त्रात जुनं आहे," डॉ. पुसदकर म्हणाल्या. "तू नवा शोध लावलेला नाहीस, हे तुला कळायला हवं. पण तुला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. आणि या अहवालाने," त्यांनी लेखनिकचा कागद उचलला, "ते पुसून टाकलं होतं. लेखनिक जे नेहमी दिसतं तेच लिहितो. एरवी न दिसणारं काही आलं की त्याला ते चूक वाटतं."

"मॅडम, नियम नियम आहे," सचिव म्हणाले. "हस्तलिखित ग्राह्य धरता येत नाही. तिने सही केली तर प्रकल्प राज्य पातळीवर जाईल, गुण उत्तम आहेत. नाही केली तर बाद, आणि संस्थेची शिफारसही थांबेल." मग ते मागच्या रांगेकडे वळले. "सानप, तुम्ही वडील आहात. तुम्ही समजवा तिला."

दत्ता सानप पुढे आले. त्यांनी लेखनिकचा कागद वाचला, बोट फिरवत, सावकाश. मग मुलीची वही घेतली आणि तीही वाचली. वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

"साहेब," ते म्हणाले, "मी हजारावर बोअरी मारल्या. हा छापील कागद ज्यानं लिहिला त्यानं बोअर पाह्यली नाही. अन् हे पाहून लिहिलेलं आहे." त्यांनी वही मुलीच्या हातात दिली. "मी माझ्या पोरीले न पाह्यलेल्यावर सही कर कसं म्हनू?"

कृत्तिकाने लेखनिकच्या कागदावर, सहीच्या जागी, हाताने लिहिलं: हा अहवाल माझा नाही. कृत्तिका दत्ता सानप.

*

प्रकल्प बाद झाला. डॉ. पुसदकरांनी विरुद्ध मत नोंदवलं, पण दोन विरुद्ध एक. शिफारस थांबली. फेब्रुवारीत यमुनाबाईंना वसतिगृहाच्या कामावरून काढल्याचं पत्र आलं. कारण लिहिलं होतं, विद्यार्थ्यांना मानसिक ताण देणे. रत्नपारखी सर पत्र घेऊन स्वतः आले आणि दारातच उभे राहिले.

"मी काही करू शकलो नाही, बाई."

"तुम्ही केलंच नाही, सर," बाई म्हणाल्या. "करू शकला असतात."

त्यांनी सामान आवरलं आणि गावात एक खोली घेतली. पुढच्या रविवारी दत्ता सानपांनी मालकाला विचारून बोअरची गाडी गावातल्या शेडमधून बाहेर काढून उन्हात लावली आणि शेड झाडून घेतली. त्या दिवशी सुट्टीची परवानगी काढून अकरा मुलं आली. कपाळावर पट्ट्या होत्या. कृत्तिकानेच सांगितलं होतं, पट्ट्या काढायच्या नाहीत.

"जो प्रयोग त्यांनी केला नाही तो आपण करायचा," ती मुलांना म्हणाली. "दर रविवारी दोन तास लिहायचं. पट्टीचा ताणाचा आकडा टिपायचा. लाल आला तरी टिपायचा. वर्षभर."

बाई आकड्यांकडे पाहत नसत. त्या मुलांच्या वाक्यांत लबाडी शोधत. एका मुलाने मंगळावर भेंडी लावली होती, तिला पाणी कुठून येतं यावर तीन रविवार वाद चालला. एका मुलीने गुरुत्वाकर्षण थोडं कमी केलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आईच्या भाकरीचं पीठ परातीत थांबणार नाही. ती गोष्ट ऐकताना सानप शेडच्या दारात उभे राहून हसले. कृत्तिकाने बोअरची गोष्ट चार वेळा नव्याने लिहिली. लोक आले तेव्हा बोअरने श्वास का घेतला नाही, हे आता तिच्या गोष्टीतल्या मुलीला ठाऊक होतं. लोक पन्नास मिनिटं आधी आले होते, आणि थांबायला तयार नव्हते.

वर्षानंतर अकरा जणांचे आलेख एका मोठ्या कागदावर काढले. पहिले चार महिने सगळ्या रेषा वर गेल्या होत्या. त्यानंतर सात जणांच्या रेषा हळूहळू उतरत गेल्या, दोघांच्या तर हिरव्यात आल्या. ज्यांना कधीच जमणार नाही असं सांगितलं होतं त्यांच्या. चार जणांच्या मात्र शेवटपर्यंत लालच राहिल्या. त्या चौघांत कृत्तिका होती.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "वाईट वाटलं?"

"नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "थोडं. पण मला लिहायला आवडतं, बाई. कष्ट पडतात आणि आवडतं. पट्टी आवड मोजतच नाही. हे अहवालात लिहायला पाहिजे."

तिने ते लिहिलं. अहवाल अकरा जणांनी मिळून, सतरा पानांवर, हाताने लिहिला. न उतरलेल्या चार रेषा पहिल्याच पानावर ठेवल्या, कारण त्या मागे ठेवणं लबाडी झाली असती. मंडळाकडे पाठवला. तीन आठवड्यांनी परत आला. विहित नमुन्यात नाही, असा शिक्का होता. त्यांनी तो पुन्हा लिहून काढला आणि पाठवला. पुन्हा परत आला. एक प्रत डॉ. पुसदकरांना पाठवली होती. त्यांचं उलट पत्र आलं, त्यात सहा चुका दाखवल्या होत्या आणि शेवटी लिहिलं होतं की मी हा माझ्या विद्यापीठात वाचून दाखवणार आहे. मुलांनी सहाही चुका सुधारल्या.

तिसऱ्यांदा पाठवायच्या वेळी शेडमध्ये तेवीस मुलं होती. शेवटचं पान लिहायचं काम कृत्तिकाकडे आलं. ती सावकाश लिहीत होती, कपाळावरची पट्टी लाल होती, आणि सह्यांच्या वर तिने मंडळासाठी एक ओळ जोडली:

आपण हा वाचेपर्यंत आम्ही तो पाठवत राहू, आणि दर वेळी नव्याने, हातानेच लिहू.